वाऱ्यासाठी पाडलेलं भोक

मी डूख धरणारी बाई आहे. हे मी लाजत सांगत नाही. आमच्या घरात बाकी सगळे विसरणारे निघाले. कुणीतरी लक्षात ठेवायला हवं होतं, ते काम माझ्या वाट्याला आलं आणि मी ते मन लावून केलं.

भाद्रपद जवळ आला, चिखलोलीत आमच्या नव्या बिल्डिंगच्या फाटकाशी मंडपाचे बांबू येऊन पडले, की माझं डोकं तापायला लागतं. पोरांचा काही दोष नाही. 'काकू, गाडी जरा पुढे घ्या ना, इधर कमान आएगी' असं हसून सांगतात. कमान उभी राहते, तिच्यावर फ्लेक्स चढतो, आणि वाऱ्याने फाटू नये म्हणून त्यात अर्ध्या चंद्राच्या आकाराचे काप मारलेले असतात. लोक फ्लेक्सवरचे चेहरे बघतात. मी आधी भोकं बघते. कुणाच्या अंगावर पडलंय, कुणाचं काय गेलंय, ते बघते आणि मगच पुढे जाते. नवरा म्हणतो, 'सोड ना आता, किती वर्षं झाली.' मी म्हणते, 'तू सोड, तुझं काय गेलंय?'

कारगिलचं ते वर्ष. त्या वर्षीचा पावसाळा मला नाकाने आठवतो. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये मी काम करायची त्या दुकानात टर्पेन्टाइनचा वास, बाहेर वालधुनी नदीच्या पाण्याचा वास, आणि संध्याकाळी घरी अंबरनाथला आलं की बाबांच्या कपड्यांना येणारा तेला-लोखंडाचा वास. बाबा फॅक्टरीत फिटर होते. आमच्याकडे नुसतं 'फॅक्टरी' म्हटलं की दारूगोळ्याची, हे सांगावं लागत नसे. त्या दिवसांत त्यांचा ओव्हरटाइम थांबतच नव्हता. हाताला फोड आलेले, डोळे लाल, पण जेवायला बसताना चेहरा असा, की जणू लग्नघरातून आलेत. 'विजूला माल पाठवतोय,' ते म्हणायचे. आपण घासलेला एखादा तुकडा फिरत फिरत आपल्याच पोराच्या हातात पडेल, असं त्यांना खरंच वाटायचं. आई त्यांना कधी हसली नाही.

विजू म्हणजे माझा मोठा भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणायचो. फौजेत लान्स नाईक होता आणि त्या उन्हाळ्यात त्याची पलटण वर डोंगरात गेली होती. त्याचं पूर्ण नाव विजय सखाराम कांबळे. मुद्दाम लिहिते आहे. या लेखात ते मी अजून लिहिणार आहे, वाचणाऱ्याने कंटाळू नये.

आडनावाची गोष्ट जुनी आहे. ऐंशीच्या दशकातली. दादा तेव्हा दहावीला होता आणि मी बाबांचं बोट धरून चालायची. चाळीतली खोली गळायची, म्हणून रुळांच्या पलीकडच्या एका नव्या सोसायटीत जागा बघायला आम्ही तिघं गेलो. सोसायटीचे सर्वेसर्वा भाऊसाहेब. त्यांचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. बघू दे, आडनावाशिवाय कसं वाटतं ते. भाऊसाहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. बाबांनी नाव सांगितलं, सखाराम. 'फॅक्टरीत आहात? वा वा! आम्हाला अशीच माणसं पाहिजेत, सरकारी, सुशिक्षित.' मग दादाच्या अभ्यासाची चौकशी झाली, माझ्या गालाला हात लावून झाला. बाबा खुलले होते. आणि मग अगदी सहज, बिस्किटाची बशी पुढे करता करता भाऊसाहेबांनी विचारलं, 'आडनाव काय म्हणालात?'

बाबांनी सांगितलं.

बशी तिथेच थांबली. फार नाही, क्षणभरच. मग भाऊसाहेब म्हणाले, 'अरे हो, ती जागा तर कालच गेली की. बघा, माझ्या लक्षातच राहिलं नाही.' बाहेर पडताना बाबांनी त्यांना हात जोडून नमस्कारही केला. पुढे कितीतरी दिवस शाळेत जाताना त्या जागेच्या गॅलरीत 'भाड्याने देणे आहे' ही पाटी मला रस्त्यावरून दिसायची. मी तेव्हा नुकतीच वाचायला शिकले होते. रस्त्यावरचं दिसेल ते वाचायची सवय होती, आणि ती पाटी मी रोज वाचली.

त्या दिवशी परतताना आम्ही रूळ ओलांडले. मग दादा इतकंच म्हणाला, 'बाबा, तुम्ही चहा प्यायलात का?' बाबा म्हणाले, 'अर्धा.' 'तो पण नको होता प्यायला,' दादा म्हणाला. बस. पुढे तो भरतीला गेला, निवडला गेला, आणि आम्हाला वाटलं की वर्दी चढली म्हणजे हे सगळं मागे पडलं.

मी दहावीनंतर लछूसेठच्या दुकानात लागले. कॅम्प एकच्या गल्लीत, एका बाजूला पापडवाला, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन दुरुस्त करणारा, मध्ये आम्ही. पाट्या, नंबरप्लेटी आणि कापडी बॅनर. फ्लेक्स तेव्हा आमच्याकडे आलेला नव्हता. मांजरपाटाचं कापड चौकटीवर ताणून बसवायचं, खडूत घोळवलेली दोरी दोन टोकांना धरून टचकन सोडायची की सरळ रेघ उमटते. तिच्यावर पेन्सिलने अक्षरं, मग रंग. मराठी अक्षरं माझ्याकडे, हिंदी-सिंधी सेठकडे. सेठ फाळणीच्या वेळी आईच्या कडेवर बसून इकडे आले होते. बोलायचे कमी, आणि बोलले की अर्धं वाक्य पानाच्या तोबऱ्यात राहायचं.

जूनच्या शेवटी भाऊसाहेबांच्या मंडळाचा एक कार्यकर्ता दुकानात आला. मोठा बॅनर हवा होता, स्टेशनजवळच्या रस्त्यावर आडवा लावायला. गाव नुसतं पेटलेलं होतं तेव्हा. पानपट्टीवर टीव्ही, टीव्हीभोवती गर्दी, शाळेची पोरं झेंडे घेऊन रस्त्यावर, बाया स्वेटर आणि लाडू गोळा करतायत. आणि कुणीतरी भाऊसाहेबांना सांगितलं होतं की आपल्याच अंबरनाथचा एक जवान तिकडे लढतोय. कार्यकर्ता म्हणाला, 'लिवा. वीर जवान विजय, अंबरनाथची शान. खाली भाऊसायबांचं पूर्ण नाव, मंडळाचं नाव. भाऊसायबांचं जरा मोठं घ्या हां ताई.'

मी त्या जवानाची बहीण आहे हे कार्यकर्त्याला माहीत नव्हतं. मी विचारलं, 'जवानाचं आडनाव?'

'तेवढं नको बोलले भाऊसायब. विजय कसं, सुटसुटीत वाटतं.'

तो गेला. मी रेघ मारली. 'वीर जवान विजय' लिहिलं, आणि हात थांबेना. पुढे 'कांबळे' लिहिलं. लाल रंगात, निळी सावली देऊन. सेठ मागून येऊन उभे राहिले.

'ये ज्यादा है ना?'

'नाव आहे सेठ. माझ्या भावाचं.'

त्यांनी बॅनर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग म्हणाले, 'लिख. कपड़े में जगह है.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅनर रस्त्यावर चढला तेव्हा आई मुद्दाम स्टेशनपर्यंत आली. तिला वाचता येत नव्हतं. मी बोटाने दाखवलं, हे विजय, हे कांबळे. तिने पदर डोक्यावर घेतला आणि भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, मान वर करून उभी राहिली. आमच्या घराण्याचं नाव एवढ्या उंचावर कुणी टांगलं नव्हतं. मला त्या क्षणी वाटलं, बशी थांबवणाऱ्याच्या डोक्यावर आपलं आडनाव टांगलं, जिंकलो आपण. मूर्ख होते.

सकाळी कामावर जाताना बघते तर बॅनरला काप मारलेले. कडेला दोन, लहान. आणि मध्ये एक, चांगलं परातीएवढं. 'वीर जवान विजय' आणि त्यापुढे आकाश. कापलेलं कापड खाली लोंबत होतं आणि त्याच्यावर उलटं 'कांबळे' वाऱ्याने हलत होतं. भाऊसाहेबांचं नाव खाली जसंच्या तसं, ठणठणीत.

मी सरळ त्यांच्या दारात गेले. ते तुळशीला पाणी घालत होते.

'भाऊसाहेब, बॅनर कुणी कापला?'

'अगं, वारं काय सुटलं होतं काल! भोक पाडायलाच लागतं, नाहीतर फाटतो सगळा. तू बॅनरच्या दुकानात आहेस ना? तुला ठाऊक असायला पाहिजे.'

'नेमकं आडनावावर?'

'असं? आमच्या पोरांनी अंधारात कापलं असेल. त्यांना काय दिसतंय?' आणि मग अगदी मायेने, 'तू काळजी करू नको गं. विजय आम्हाला आमच्या घरच्यासारखाच आहे.'

 हे मला अजून छळतं. शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती, दगड मारला असता तर मी दगड उचलला असता. पण वाऱ्याचं नाव पुढे केल्यावर भांडणार कुणाशी? मी परत फिरले आणि रस्ताभर मनातल्या मनात भाऊसाहेबांच्या घराचे, तुळशीचे, धोतराचे काप काढत गेले.

सेठना सांगितलं. ते दुपारी स्वतः अंबरनाथला येऊन बॅनर बघून गेले. परत आल्यावर तोंडातलं पान थुंकले आणि म्हणाले, 'हवा का होल किनारे पे मारते हैं, बेटी. नाम के बीच में जो मारता है, वो हवा नहीं है.' पुढच्या महिन्यात मंडळाचा माणूस गणपतीच्या बॅनरसाठी आला, तेव्हा सेठ दारात खुर्ची टाकून बसलेले होते. मागे दिवे चालू, पंखा चालू, मी रंग कालवतेय. 'दुकान बंद है,' सेठ म्हणाले. माणूस आत बघत राहिला. 'बोला ना, बंद है.'

भाऊसाहेब गेल्या वर्षी वारले. मी मुद्दाम अंबरनाथला उतरून चौकात गेले. भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता, हसरा फोटो, आडनावासकट पूर्ण नाव. वाऱ्याचे काप होते. अगदी कडेला, रिकाम्या जागेत, सुबक. बघा, मारता येतात कडेला. मी तिथे हात जोडले नाहीत. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी हे सगळं ते जिवंत असतानाही बोलत होते.

असो. कारगिलच्या त्या वर्षी, जुलैच्या मध्यावर कोपऱ्यावरच्या पीसीओत आमच्यासाठी फोन आला. फोन शकुताईचा. ती आमच्याच चाळीतली, लष्करी हॉस्पिटलात नर्स, त्या वेळी पुण्याला होती. म्हणाली, 'विजू इथं आलाय. जिवंत आहे, हे आधी ऐक. डावा पाय गुडघ्याखाली गेलाय. सुरुंग होता. मावशीला तू सांग, मला सांगवणार नाही.' मी आईला सांगितलं. आई खाली बसली, आणि बराच वेळ आपल्याच डाव्या पायाची पोटरी दाबत राहिली. शकुताईने त्या पावसाळ्यात आमच्यासारख्या किती घरी फोन केले असतील, किती पोरांचे हात धरले असतील. तिचं नाव कुठल्याच बॅनरवर आलं नाही, आडनाव सोडाच. मी एकदा मंडळातल्या एकाला तसं म्हटलं तर म्हणाला, 'नर्सबाईंचं पुढच्या टायमाला बघू.'

दादा गणपतीच्या आदल्या आठवड्यात सुट्टीवर घरी आला. कुबड्यांवर. चाळीने ओवाळलं, बाबांनी फॅक्टरीत पेढे वाटले. मी त्याला बॅनरचं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, वर माझे चार घालून.  आणि दोनच दिवसांनी भाऊसाहेबांचं बोलावणं आलं. मंडळाने त्या वर्षी कारगिलचा देखावा केला होता आणि तिथेच जवानाचा जाहीर सत्कार ठेवला होता.

'अजिबात जायचं नाही,' मी म्हटलं.

'जाऊ,' दादा म्हणाला.

आईला वेगळीच चिंता. 'आपण गणपतीला हात जोडत नाही. तिथं जाऊन उभं राहिलो तर लोक काय म्हणतील? नाही जोडले तर हे काय म्हणतील?'

'सत्कार माझा आहे आई. हात त्यांनी जोडायचे,' दादा म्हणाला आणि शर्टाला इस्त्री मागितली. मला त्याचा इतका राग आला. वाटलं, पायाबरोबर याचा कणाही तिकडेच राहिला. मी इस्त्री केली, पण कॉलरची मुद्दाम नीट केली नाही.

संध्याकाळची आरती नुकतीच झाली होती. थर्माकोलचे डोंगर, त्यावर कापसाचा बर्फ, मोटरवर पुढे-मागे सरकणारा प्लॅस्टरचा गुलाबी गालांचा जवान, आणि टेपवर गोळ्यांचा आवाज. तो आवाज सुरू झाला आणि शेजारी बसलेल्या दादाचा हात आईच्या मनगटावर घट्ट आवळला. आईने हात तसाच राहू दिला. आम्ही पहिल्या रांगेत होतो. मागे सगळी कॉलनी, आणि कडेने उभी आमची चाळ. व्यासपीठावर भाऊसाहेब आणि फौजेतून निवृत्त झालेले एक पांढऱ्या मिशांचे साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून.

भाऊसाहेबांनी माइक हातात घेतला. देश, माती, रक्त, सगळं झालं. मग म्हणाले, 'आणि आता मी बोलावतो आपला लाडका, आपला वीर जवान... विजय!'

टाळ्या झाल्या. दादा उठला नाही.

भाऊसाहेबांनी पुन्हा पुकारलं. टाळ्या पुन्हा झाल्या, जरा कमी. दोन कार्यकर्ते आधार द्यायला धावत आले. दादा त्यांना हळूच म्हणाला, 'कुबड्या आहेत. नाव पूर्ण होऊ दे.' ते वर जाऊन भाऊसाहेबांच्या कानाला लागले. भाऊसाहेब हसले, माइक तोंडाजवळच होता, ते हसू सगळ्या मंडपाने ऐकलं. 'अरे, घरच्या पोराला आडनाव कशाला लागतं? जवानाला जात नसते, मित्रहो!'

याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मी आजही हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं की त्या माणसाकडे नीट बघून ठेवते.

दादा समोर बघत बसून राहिला. टाळ्या विरल्या. मग कुणी खोकलं, कुणी म्हणालं 'काय झालं? येत का नाही?' बर्फातला तो जवान घर्र घर्र करत पुढे आला, मागे गेला. भाऊसाहेबांच्या हातात शाल, आणि त्यांना ती कुठे ठेवावी कळेना. दादाच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी पदराने टिपायला गेले तर त्याने डोळ्यांनी नको म्हटलं. शेवटी ते मिशावाले साहेब खुर्चीत पुढे झुकले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, 'जवान का पूरा नाम क्या है? बोलिए ना.'

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. आणि माइकवरून, अख्ख्या कॉलनीला, रुळांपलीकडच्या चाळीलाही ऐकू जाईल असं, एकेक शब्द घशातून ओढून काढत म्हणाले, 'विजय... सखाराम... कांबळे.'

'हजर!'

दादा कुबड्यांवर उभा होता. माइक नव्हता तरी तो आवाज डोंगरावरून आल्यासारखा आला. साहेब नकळत उठून उभे राहिले. मग दादाने जागच्या जागी पाठ फिरवली, आईला म्हणाला, 'चल,' आणि दोन रांगांच्या मधून सरळ बाहेर चालायला लागला. 'अरे विजय, शाल! शाल तरी!' भाऊसाहेब माइकवरून ओरडत राहिले. कडेची आमची चाळ एकेक करून त्याच्या मागे निघाली. बाबा सगळ्यात शेवटी, फॅक्टरीत गेटमधून आत जाताना चालत तसे ताठ.

मी मात्र थांबले. मला ते तोंड बघायचं होतं. पोटभर बघितलं. शाल शेवटी त्यांनी पाहुण्या साहेबांच्या अंगावर घातली, आणि साहेबांनी ती काढून घडी करून खुर्चीवर ठेवली.

मी जवळजवळ नाचत घरी आले. दादा भिंतीला टेकून बसला होता, आई गरम पाण्याने त्याचा उजवा पाय शेकत होती. मी म्हटलं, 'काय नाक ठेचलंस रे त्याचं! आता आयुष्यभर लक्षात ठेवील.' तो हसला नाही. 

'सुरुंग फुटला तेव्हा भीती वाटायला वेळच नव्हता गं,' तो म्हणाला. 'आज वाटली. वाटलं, हा माणूस नावच नाही घेणार. सगळे निघून जातील, दिवे काढतील, खुर्च्या उचलतील, आणि मी तसाच बसलेला असेन.'

दादाने पुढे भाऊसाहेबांना माफ केलं. रस्त्यात भेटले तर बोलायचा. मी नाही केलं, करणारही नाही. पाय शत्रूने घेतला, त्याचं दादाला काही वाटलं नाही. त्याला भीती वाटली ती आपल्या गावात, पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी बसून.